साथीदाराची पहिली परीक्षा

ताईंचा घसा बसल्याची बातमी आली तेव्हा व्हायोलिनवाले लॉजच्या जेवणघरात ब्रेडला लोणी लावत होते. बातमी आणली मंडळाच्या व्यवस्थापकांनी. त्यांचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा झाला होता.

"आवाजच फुटत नाहीये ताईंचा," ते म्हणाले. "आज दिवसभर तोंडातून शब्द काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आजचा गाण्याचा कार्यक्रम उद्यावर."

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. ताईंचा घसा ही एकट्या ताईंची वस्तू नव्हती, त्यावर सहा घरांच्या चुली पेटत होत्या. ताई शिंकल्या की मंडळातली सहाही माणसं वाफ घ्यायची. व्हायोलिनवाल्यांनी रीतसर चेहरा पाडला, "अरेरे" म्हटलं आणि मग लोणी ब्रेडच्या पार कडेपर्यंत नेलं. ताई अख्खा दिवस गप्प बसणार, असं त्यांच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. दुःख होणं साहजिक होतं, पण इतक्या सकाळी ते होईना.

एकोणीस वर्षं ते ताईंच्या उजव्या हाताला बसून साथ करत होते. साथ म्हणजे ताईंनी एखादी जागा घ्यायची आणि यांनी ती अर्ध्या श्वासाच्या अंतरानं व्हायोलिनवर उमटवायची. ताईंच्या जागेला टाळ्या पडायच्या, आणि यांची जागा त्या टाळ्यांत बुडून जायची. नंतर लोक भेटले की म्हणायचे, "ताईंबरोबर असता ना? भाग्यवान आहात." भाग्यवान माणसाला याउपर काही विचारायचं नसतं, अशी लोकांची समजूत दिसत होती. आपल्याला कधी एकट्यानं वाजवायला मिळालं तर शहरच्या शहर श्वास रोखून बसेल, अशी व्हायोलिनवाल्यांची खात्री होती. ही खात्री त्यांनी एकोणीस वर्षांत कुठेही वापरली नव्हती, त्यामुळे ती अजून कोरी करकरीत होती.

मोकळा दिवस मिळाल्यावर तालवादक परत झोपायला गेले. व्हायोलिनवाल्यांनी मात्र शहर बघायचं ठरवलं. तशी त्यांनी दोनेकशे शहरं पाहिली होती, म्हणजे दोनेकशे स्टेशनं, तितकीच लॉजं आणि तितकेच रंगमंचांचे उजवे कोपरे. व्हायोलिन त्यांनी बरोबर घेतलं. एकदा प्रवासात व्हायोलिन भलत्या गावाला गेलं होतं आणि यांच्या हाती कुणाच्या तरी मोज्यांची पेटी आली होती, तेव्हापासून मांजरीनं पिल्लू तोंडात धरावं तसं ते व्हायोलिन जवळ बाळगत.

पहिल्याच चौकात कार्यक्रमाची जाहिरात लागलेली होती. ताईंचा चेहरा एका दुकानाच्या दारापेक्षा मोठा होता. खाली तालवादकांचा एक हात होता, आणि उजव्या कडेला, कागद जिथे संपतो तिथे, एका व्हायोलिनच्या गजाचं टोक. ते टोक आपलंच आहे हे व्हायोलिनवाल्यांनी लगेच ओळखलं. ते जाहिरातीशेजारी जरा वळून, गज जसा धरतात तसा हात करून उभे राहिले. दहा मिनिटांनी एक बाई थांबल्या. त्यांनी जाहिरातीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा जाहिरातीकडे पाहिलं.

"इथे अकरा नंबरची बस थांबते का हो?" त्यांनी विचारलं.

मग व्हायोलिनवाल्यांनी शहर पाहिलं. वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असे आणि आज सोमवार होता. बागेतल्या बाकांना नुकताच रंग दिला होता, हे त्यांना बसल्यावर कळलं. शहराची शान म्हणून सांगितला जाणारा घड्याळाचा मनोरा सव्वापाच दाखवत होता आणि तो कित्येक वर्षं तेच दाखवत असावा. सगळं अकरापर्यंत आटोपलं. आता लॉजवर परत जाऊन भिंतीकडे उघडणाऱ्या खिडकीत बसावं, असा विचार करत ते चष्म्याच्या एका दुकानावरून जात होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आवाज आला.

पाच-सहा व्हायोलिनं एकच सूर काढत होती, असं म्हणायचं. खरं तर प्रत्येक व्हायोलिन स्वतःला पटेल तो सूर काढत होतं आणि शेजाऱ्याचं ऐकणं हा अपमान समजत होतं. व्हायोलिनवाल्यांच्या दातांतून कळ गेली. जिन्यापाशी पाटी होती : 'हौशी प्रौढांसाठी व्हायोलिन वर्ग, दुसरा मजला.' शेजारी दुसरी पाटी होती, दंतवैद्याची. जागा कुणीतरी विचार करून निवडली असावी.

वर जायचं, दारात उभं राहायचं, व्हायोलिनची पेटी उघडायची, दोन मिनिटं वाजवायचं आणि एक शब्दही न बोलता निघून जायचं, असं त्यांनी पायऱ्या चढतानाच ठरवलं. त्या बिचाऱ्यांना जन्मभर सांगायला एक गोष्ट होईल. दार त्यांनी ठोठावायच्या आतच उघडलं. आत साठी ओलांडलेल्या, ताठ पाठीच्या एक बाई उभ्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता.

"नवीन ना तुम्ही?" बाई म्हणाल्या. "वर्ग दहाला सुरू होतो. चपला तिकडे, आणि बसा."

एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या मागोमाग जाणारा माणूस हुकूम ऐकला की आधी पाळतो, मग विचार करतो. विचार करायची वेळ आली तेव्हा व्हायोलिनवाले एका लाकडी खुर्चीत बसलेले होते.

खोलीत पाच विद्यार्थी होते. बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. समोरच्याच दवाखान्यातले दंतवैद्य होते. आणि खिडकीपाशी एका रांगेत तीन निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या, तिघींच्याही नजरेत 'बाकावर उभा राहा' हे वाक्य तयार होतं. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकत होता.

"आधी काही शिकलायत का?" बाईंनी विचारलं.

"थोडंफार," व्हायोलिनवाले म्हणाले आणि गालात हसले. मग त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि आपली सगळ्यात अवघड, सगळ्यात वेगवान जागा वाजवली. ताईंनी ती कार्यक्रमात कधीच वाजवू दिली नव्हती, कारण ती त्यांच्या गळ्यातून निघत नसे. वाजवून झाल्यावर त्यांनी गज हवेत तसाच ठेवला.

कंडक्टरांनी घसा साफ केला. "छान आहे," ते म्हणाले. "बस सुटायच्या वेळी घाई होते तसं वाटलं. पण यातला सूर कुठला होता?"

"हात सैल आहे," बाई म्हणाल्या. "कुणाचं तरी बघून उचललेलं दिसतंय. हे विसरायला वेळ लागेल. आता एक सा लावा. एकच. गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत."

सा. एक सा. व्हायोलिनवाल्यांना हसू आवरेना. त्यांनी गज ठेवला. सूर निघाला, चांगला निघाला, आणि गज निम्म्यावर आला तेव्हा हलला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा त्याच ठिकाणी हलला. एरवी तिथपर्यंत ताईंनी पुढची जागा घेतलेली असायची आणि यांना धावावं लागायचं. एकच सूर धरून बसण्याचा प्रसंग एकोणीस वर्षांत आलाच नव्हता.

"तो नळ ऐका," बाई म्हणाल्या. "तो सुद्धा तुमच्यापेक्षा स्थिर आहे."

मधल्या मुख्याध्यापिकांनी मान हलवली. व्हायोलिनवाल्यांचे कान तापले. आपण कोण आहोत हे आता सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. बाई ऐकत राहिल्या, "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवून टेबलाशी बसल्या. त्यांची ताठ पाठ पहिल्यांदाच खुर्चीला टेकली.

"पशुवैद्यांच्या सौभाग्यवती येत नाहीत," त्या म्हणाल्या. "लेकीकडे गेल्या. आजच परीक्षा आहे, हे लक्षात राहिलं नाही म्हणे."

कंडक्टर व्हायोलिनवाल्यांच्या कानाशी वाकले. "पहिल्या परीक्षेचे परीक्षक दुपारी दोनला येतायत बाहेरगावाहून," ते हळूच म्हणाले. "सहा जण नसले तर परीक्षा केंद्र बंद करतात. बाईंचं तीस वर्षांचं केंद्र आहे हो. या वर्गाशिवाय त्यांना दुसरं काही नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही."

सहा खुर्च्यांपैकी पाच खुर्च्यांची नजर व्हायोलिनवाल्यांकडे वळली. बाईंनी मात्र पाहिलं नाही. त्या चष्मा पुसत होत्या, आणि तो आधीच स्वच्छ होता.

व्हायोलिनवाल्यांना दया आली, हे खरं. पण त्या दयेच्या मागे दुसरा एक विचार उभा होता आणि तो जास्त उंच होता. परीक्षक बाहेरगावचे आहेत, म्हणजे जाणकार असणार. पहिल्या सुरातच त्यांना कळेल. शंभरपैकी शंभर देतील आणि विचारतील, आपण कोण? मग सांगायचं. नळाची उपमा देणाऱ्यांची तोंडं त्या वेळी बघण्यासारखी होतील.

"मी बसतो," ते म्हणाले.

फॉर्म आला. खरं नाव घालणं शक्य नव्हतं. आपला साथीदार व्हायोलिनच्या पहिल्या परीक्षेला बसला होता हे ताईंच्या कानावर गेलं असतं, तर पुढची एकोणीस वर्षं तेच ऐकावं लागलं असतं. त्यांनी मेहुण्याचं नाव लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यातही मेहुण्याचाच व्यवसाय लिहिला : पाइप व नळ विक्री. जन्मतारखेपाशी अडलं. त्यांनी बायकोला फोन लावला.

"तुझ्या भावाची जन्मतारीख काय गं?"

"का? काय केलं त्यानं?"

"काही नाही. सहज."

"सहज कुणी कुणाची जन्मतारीख विचारतं का? अहो, तो बरा आहे ना?"

"तो उत्तम आहे. तू तारीख सांग."

तारीख मिळाली. त्या बदल्यात पुढच्या तासाभरात मेहुण्याचे त्यांना चार फोन आले, ते त्यांनी घेतले नाहीत. इकडे कंडक्टर फॉर्म वाचत होते.

"पाइप व नळ," ते म्हणाले. "अहो, मग हा आमचा नळ बघा की. दोन महिने ठिबकतोय."

"मी विकतो," व्हायोलिनवाले म्हणाले. "बसवत नाही."

"नुसता बघा. जाणकाराची नजर वेगळी असते."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. खोटं बोलणाऱ्यानं निदान आपल्या खोट्याचा धंदा तरी शिकून घ्यावा, हे त्यांना त्या क्षणी पटलं. ते बेसिनपाशी गेले, गंभीरपणे वाकले, नळाच्या मुठीला हात लावला आणि जाणकारानं फिरवावी तशी ती फिरवली. मूठ हातात आली. तिच्या मागून पाणी आलं, आणि ते सरळ जाणकाराच्या छातीवर आलं. मुख्याध्यापिकांनी वाद्यं उचलली, दंतवैद्य मागे सरले. जिन्यातली पाण्याची मोठी चावी कंडक्टरांनी धावत जाऊन बंद केली. तोवर व्हायोलिनवाल्यांच्या सदऱ्याचा एक धागाही कोरडा राहिला नव्हता.

"पंचवीस वर्षं बस चालू-बंद करवली, एवढं जमतं," कंडक्टर परत येऊन म्हणाले. "तुमचं दुकान चालतं कसं हो?"

दंतवैद्यांनी समोरच्या दवाखान्यातून आपला पांढरा कोट आणून दिला. त्याच्या खिशावर हिरव्या दोऱ्यानं 'दिवसातून दोनदा' असं भरलेलं होतं. दोनच्या ठोक्याला परीक्षक आले तेव्हा सहावा उमेदवार तो कोट घालून रांगेच्या शेवटी बसला होता.

परीक्षक चणीनं लहान होते आणि त्यांना चारची गाडी होती. मुख्याध्यापिका एकामागून एक गेल्या आणि शाळा तपासायला आल्यासारख्या वाजवून परतल्या. कंडक्टरांचा गज खडखडला, पण रस्ता सोडून गेला नाही. दंतवैद्यांनी डोळे मिटून वाजवलं. मग व्हायोलिनवाल्यांचा नंबर आला.

"सा लावा," परीक्षक म्हणाले. "करा सुरू."

व्हायोलिनवाल्यांनी गज तारेवर ठेवला आणि ते थांबले.

"सुरू करा," परीक्षक पुन्हा म्हणाले.

सुरूच करायचं होतं. मन तयार होतं, वाद्य तयार होतं, हात तेवढा हलत नव्हता. आपला हात कशाची वाट बघतोय हे त्यांना हळूहळू कळलं. तो ताईंची वाट बघत होता. आधी कुणीतरी गायला हवं होतं. एकोणीस वर्षांत त्यांनी एकही सूर पहिल्यांदा लावला नव्हता.

घड्याळ चाललं होतं. चारची गाडी जवळ येत होती. मागे बसलेल्या दंतवैद्यांना खोकला आला, आणि त्यासरशी हात सुटला. दंतवैद्य ज्या पट्टीत खोकले, बरोबर त्याच पट्टीत, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं व्हायोलिन वाजलं. दंतवैद्य पुन्हा खोकले. व्हायोलिननं तीही जागा घेतली.

"खोकल्याला साथ नको," परीक्षक न बघता म्हणाले. "सा."

तो सा निम्म्यावर हलला. आता लाज वाचवायची म्हणून व्हायोलिनवाल्यांनी त्याला जोडून आपली ती अवघड जागा वाजवली. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे कुणी विचारलं होतं?" ते म्हणाले.

निकाल लगेच लागला. तीन मुख्याध्यापिकांना ऐंशीच्या पुढे, दंतवैद्यांना सत्तर, कंडक्टरांना चौसष्ट. सहाव्या उमेदवाराला अडतीस. पास होण्यासाठी पस्तीस लागत. शेऱ्याच्या जागी परीक्षकांनी लिहिलं होतं : 'कुणी तरी गाईल म्हणून थांबतो. प्रयत्न चालू ठेवावेत.'

आता 'मी कोण' हे सांगण्यात अर्थ उरला नव्हता. शंभर मार्क मिळालेला माणूस नाव सांगू शकतो, अडतीसवाल्यानं मेहुणाच राहिलेलं बरं. केंद्र वाचलं होतं. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी परीक्षा म्हणजे चेष्टा नाही. उद्या संध्याकाळी आम्ही सगळे एका गाण्याच्या कार्यक्रमाला जातोय. तुम्हीही चला. फार मोठ्या गायिका आहेत. ऐकून कान तयार होतात."

"मला उद्या जमणार नाही," व्हायोलिनवाले घाईनं म्हणाले. "उद्या पाइप येणारेत."

"पाइप परवा येतील," कंडक्टर म्हणाले. "तिसऱ्या रांगेत तुमची खुर्ची धरून ठेवतो मी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हायोलिनवाल्यांनी व्यवस्थापकांना तीन सूचना केल्या. आज आपण ताईंच्या मागे बसावं, उजवीकडचे दिवे बंद ठेवावेत, आणि जमलं तर पडदा अर्धाच उघडावा.

"बरं नाही का तुम्हाला?" व्यवस्थापकांनी विचारलं आणि उत्तर न ऐकता पुढे गेले. पडदा पूर्ण उघडला. दिवे सगळे लागले. तिसऱ्या रांगेत पाच माणसं आणि मध्ये ताठ पाठीच्या बाई बसल्या होत्या. शेजारच्या एका खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरलेली होती.

कंडक्टरांनी रंगमंचाकडे पाहिलं, मग रुमालाकडे पाहिलं, आणि हळूच रुमाल उचलून खिशात घातला.

ताईंचा आवाज परत आला होता, पण पाहुण्यासारखा, केव्हा उठून जाईल ते सांगता येत नव्हतं. पहिली ओळ संपताच त्या उजवीकडे झुकून पुटपुटल्या, "मी थांबतेय. तुम्ही भरा."

आणि त्या थांबल्या. हजार माणसं व्हायोलिनवाल्यांकडे बघू लागली. ज्या क्षणाची त्यांनी एकोणीस वर्षं वाट पाहिली होती तो आला होता, आणि हात पुन्हा वाट बघत होता. त्यांनी आशेनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. दंतवैद्यांना आज खोकला नव्हता. बाईंनी मात्र मांडीवरचा हात उचलला आणि गज ओढावा तसा, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला.

व्हायोलिनवाल्यांनी सा लावला. दुसरं काही सुचेना म्हणून एवढंच केलं. गज निघाला, निम्म्यावर आला, निम्म्याच्या पुढे गेला. तो हलला की नाही हे त्यांना कळलं नाही, कारण ते मोजायला विसरले होते. गज संपला तेव्हा सभागृहात कुणी खुर्ची सुद्धा सरकवत नव्हतं. मग तिसऱ्या रांगेतून कंडक्टरांची टाळी आली आणि तिच्यामागे सगळं सभागृह आलं. ताईंनी वळून पाहिलं. उजव्या बाजूला टाळ्या पडतात हे त्यांना नवीन होतं.

कार्यक्रमानंतर सगळा वर्ग रंगमंचामागे आला.

"हे माझे विद्यार्थी," बाईंनी व्हायोलिनवाल्यांकडे बोट दाखवून ताईंना सांगितलं. "कालच पहिली परीक्षा पास झाले. काठावर."

"एका दिवसात?" ताई म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षं डोकं फोडतेय यांच्यापुढे. तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. एक सूर लावायला सांगितला."

"आणि सगळं दुकान सांभाळून हो," कंडक्टर म्हणाले. "कौतुकच आहे."

"कसलं दुकान?" ताईंनी विचारलं. व्हायोलिनवाले पेटीचं कुलूप लावण्यात गढून गेले. त्या पेटीला कुलूप नव्हतं.

बाईंनी विषय पुढे जाऊ दिला नाही. "तुमच्याशीही थोडं बोलायचं होतं," त्या ताईंना म्हणाल्या. "इथे नको. उद्या दहाला वर्गात या. दहा म्हणजे दहा."

ताईंना असं कुणी बोललं नव्हतं, आणि ज्यांनी बोलायचा विचार केला होता ते आता मंडळात नव्हते. ताईंनी मात्र व्यवस्थापकांना दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी दुपारवर न्यायला सांगितलं.

सकाळी दहाला पाच मिनिटं असताना ताई जिना चढल्या. मागोमाग, सवयीप्रमाणे दोन पायऱ्यांच्या अंतरानं, व्हायोलिनवाले चढले. ताईंना कंडक्टर आणि दंतवैद्य यांच्या मधली खुर्ची मिळाली. तिन्ही मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे नवीन मुलीकडे बघावं तसं पाहिलं.

"वरचा सा लावा आणि सावकाश खालच्या सा वर या," बाई म्हणाल्या. "यांना पेटी उघडू देऊ नका. साथ नकोय."

ताई गायल्या. व्हायोलिनवाल्यांनी पेटीवर हात घट्ट धरून ठेवले. वरचा सूर लखलखीत लागला, मग तो पायरी पायरीनं खाली आला, आणि अगदी शेवटी, टेकता टेकता, केसभर खाली घसरला. नवख्याला कळलं नसतं. व्हायोलिनवाल्यांच्या बोटांना कळलं. ती आपोआप पेटीवर दाबली गेली. एकोणीस वर्षं, रोज, बरोबर याच ठिकाणी ते गज जरा दाबून ओढत आले होते. श्रोत्यांना तिथे फक्त व्हायोलिन ऐकू यायचं आणि व्हायोलिन सुरात असायचं.

"शेवटी पडतो," बाई म्हणाल्या. "काल रात्रीही पडला, दोनदा. दोन्ही वेळा व्हायोलिननं झाकला."

ताईंचा चेहरा उतरला. त्या सावकाश वळल्या. अशा आवाजात त्या व्हायोलिनवाल्यांशी आजवर कधी बोलल्या नव्हत्या. "इतकी वर्षं शेजारी बसता," त्या म्हणाल्या. "खरं सांगा. तुम्हाला कधी जाणवलं होतं?"

खोलीतले सगळे व्हायोलिनवाल्यांकडे बघू लागले. बोलायला कधी नव्हे ती संधी होती, समोर साक्षीदार होते, आणि आधी कुणी गायची गरज नव्हती.

"नाही, ताई," ते म्हणाले. "कधीच नाही."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"बघा," त्या वर्गाला म्हणाल्या, "हा सूर मात्र अजिबात हलला नाही."